मंजूर झालेला अर्ज नामंजूर करून मिळणेबाबत

प्रति,
मा. कार्यालयप्रमुख,
जिल्हा शिक्षण व संस्कृती कार्यालय
('सर्वांसाठी संगीत' विभाग),
बुकितसारी, बाली.

अर्जदार : ई नेंगा तुनास, वय सत्तरीच्या घरात, धंदा गेंदेर वाजवणे व शिकवणे, राहणार बांजार तिबुगदांग.

विषय : आमचा मंजूर झालेला अर्ज नामंजूर करून मिळणेबाबत, आणि ते नियमात बसत नसल्यास, कै. ई वायान राजेग यांच्या दहनाच्या दिवशी, म्हणजे बुधवार दि. २८ ऑगस्ट रोजी, दोन मुलांना एकत्र वाजवू देणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा पूर्वीचा अर्ज. २) आपल्या कार्यालयाचे मंजुरीपत्र, ज्यावर सोनेरी शिक्का आहे. ३) त्यानंतर अर्जदाराने दिलेली सर्व पत्रे, ज्यांवर पोच म्हणूनसुद्धा शिक्का नाही.

महोदय,

१. आपण नुकतेच या खुर्चीवर आलात. आधीचे साहेब, पाक सुगाता, भले गृहस्थ होते. बढती मिळून ते देनपासारला गेले आणि जाताना आमची फाइल बंद करून गेले. फाइलीवर शेरा आहे की काम पूर्ण, लाभार्थी समाधानी. लाभार्थी म्हणजे अर्जदाराच्या थोरल्या भावाची नात, नि कोमांग सुलासिह, वय बारा, जन्मापासून दृष्टी नाही. ती समाधानी नाही. हे तिला विचारूनच लिहिले आहे. बंद फाइल उघडायची तर नवा अर्ज लागतो, असे आपल्या दारावरच्या शिपायाने सांगितले, म्हणून हा नवा अर्ज. तो लांबेल. गावाकडची माणसे मुद्द्यावर उशिरा येतात, हे आपण जाणताच.

२. अर्जदार आणि त्याचा थोरला भाऊ राजेग यांनी जन्मभर जोडीने गेंदेर वाजवले. गावात बाहुल्यांचा खेळ असो, वयात आलेल्या पोरांचे दात घासून सारखे करण्याचा विधी असो, की कुणाला स्मशानात पोचवायचे असो, बोलावणे या दोघांनाच यायचे. साहेब शहरातले असतील तर एवढेच सांगणे आहे की गेंदेर म्हणजे हातोड्यांनी वाजवायच्या काशाच्या पट्ट्या, आणि त्यावरची चाल एका माणसाच्या हातात नसते. एकाच्या टोल्यांत फटी सोडलेल्या असतात, त्या दुसऱ्याने भरायच्या. अर्जदाराकडे सरळ बाजू असायची, राजेगकडे भरणीची. एकट्याची बाजू ऐकली तर माणसाला उचकी लागल्यासारखी वाटते. दोन्ही बाजू बसल्या की चाल होते.

दोघा भावांचे बोलणे बांधावरच्या एका नारळाच्या झाडावरून कित्येक वर्षे बंद होते. पण गेंदेरवर बसले की एक टोला इकडचा तिकडे झाला नाही. वाजवताना भांडता येत नाही, साहेब. भांडलात तर चालच उरत नाही.

३. सुलासिहला राजेगने शिकवले. आमच्याकडे शिकवणारा समोर बसतो आणि पोर त्याच्या हातांकडे बघून उचलते. तिला बघता येत नाही, म्हणून राजेग तिच्या पाठीशी बसला, तिची दोन्ही मनगटे आपल्या हातांत घेतली आणि तिच्या हातांनी आपण वाजवले. टोला कसा द्यायचा आणि वाजून झालेली पट्टी मनगटाच्या टेकीने दाबून गप्प कशी करायची, हे दुसरे अवघड असते, ते तिला डोळ्यांवाल्यांच्या आधी आले. तिच्या समोर अर्जदाराचा नातू काडेक पुगेर बसायचा. त्याला सरळ बाजू अर्जदाराने दिली. म्हणजे म्हाताऱ्यांची जोडी होती तशी पोरांची जोडी झाली. दोघांनी आमच्या बापाने बांधलेली चाल उचलली. तिला गावात 'बदकं घरी आली' म्हणतात, कारण संध्याकाळी शेतातून बदकांच्या दोन रांगा येऊन बांधावर एक होतात, तशी ती शेवटाला एक होते. ती चाल दुसऱ्या कुठल्या गावात नाही. भरणीची बाजू तर राजेग गेल्यावर सुलासिहच्या हाताखेरीज जगात कुठेच उरली नव्हती.

४. आता अर्जदाराने स्वतःच्या पायावर धोंडा कसा पाडून घेतला ते. शाळेत संगीताचा तास सुरू झाला, गावची वाद्ये शाळेला वापरायला दिली, आणि शाळेतल्या मास्तरांनी सुलासिहला घेतले नाही. त्यांचे म्हणणे, माझे हात दिसल्याशिवाय ती शिकणार कशी. पोरगी उंबऱ्यावर बसून राहायची. म्हणून अर्जदाराने आपल्या कार्यालयाकडे अर्ज केला. त्यातले मागणे असे होते : 'सबब विनंती की मुलीस इतर मुलांसोबत बसू द्यावे.' याखेरीज काही मागितले नव्हते. नक्कल जोडली आहे, ताडून पाहावी.

५. अर्ज मंजूर झाला. नुसता मंजूर नाही, फार मोठ्या मनाने मंजूर झाला. चौकातली आमची गळकी, तिन्ही बाजूंनी उघडी वाद्यशाळा पाडली आणि तिच्या जागी इमारत आली. तिला दोन खोल्या, मधे बोळ, पुढे उताराचा लांबलचक रस्ता, चाकांच्या खुर्चीसाठी. गावात चाकांची खुर्ची कुणाकडे नाही. जुन्या तीन पायऱ्या सुलासिहच्या पायांना पाठ होत्या, त्या गेल्या. उतारावर हल्ली लोक भात वाळत घालतात आणि ती त्यातून पाय ओढत वर जाते. खोली क्रमांक दोनच्या दारावर फलक आहे : 'सर्वसमावेशक कक्ष. इतरांस प्रवेश नाही.'

उद्घाटनाला पाक सुगाता आले होते. सुलासिहच्या हातात कात्री दिली, फीत तिच्या बोटांना लावून दिली, फोटो निघाले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्यांच्या डोळ्यांत खरेच पाणी होते. अर्जदार हे टोमणा म्हणून लिहीत नाही. चांगल्या माणसाचे डोळे भरून आले की त्याला नाही म्हणणे किती कठीण, ते अर्जदाराला त्या दिवशी कळले.

६. फीत कापून झाल्यावर वेळापत्रक लागले. मंगळवारी खोली एकमध्ये सर्वसाधारण मुले. शिक्षक, शाळेच्या मास्तरांऐवजी अर्जदार. गुरुवारी खोली दोनमध्ये विशेष मुले. शिक्षक, शहरातून येणारे प्रमाणपत्रधारक. गावात विशेष मूल एकच आहे. म्हणजे पुगेर मंगळवारी सरळ बाजू वाजवतो आणि त्याच्या फटी मंगळवारभर रिकाम्या राहतात. सुलासिह गुरुवारी त्या फटी भरते, पण तेव्हा भरायला फटीच नसतात. अर्जदाराने पाक सुगातांना हे हात जोडून सांगितले. ते म्हणाले, "पाक तुनास, दोघांना सारखाच वेळ दिलाय. एकाला मिनिटभर जास्त नाही." आणि ते खरे होते.

७. वाद्यांची वाटणीही अशीच न्यायाने झाली. गावची वाद्ये चार, दोन मोठी आणि दोन लहान. मोठ्यांतले एक किंचित खालच्या सुराला लावलेले, दुसरे किंचित वरच्या, लहानांचेही तसेच. दोन्ही एकदम वाजली की सूर हलतो, भाताच्या खाचरावरून वारा जावा तसा. एकेकटे वाजले की आवाज उठतो आणि तिथेच बसतो. गावात त्यांना नवरा-बायको म्हणतात. कार्यालयाने प्रत्येक खोलीला एक मोठे आणि एक लहान दिले. कुणावर अन्याय नको म्हणून. त्यात दोन्ही नवरे खोली एकमध्ये गेले आणि दोन्ही बायका खोली दोनमध्ये. मुलगी अडखळू नये म्हणून सगळी वाद्ये बोल्ट मारून फरशीला जखडली आणि त्यांच्यावर कार्यालयाचे नंबर घातले. वाद्यांना नैवेद्य दाखवायचा दिवस आला तेव्हा पुजारीबुवांनी मधल्या बोळात उभे राहून दोन्हीकडे पाणी शिंपडले आणि अर्जदाराला म्हणाले, "असल्या संसाराला मी आशीर्वाद तरी काय देऊ?"

८. गुरुवारच्या शिक्षकांबद्दल तक्रार नाही. पोरगेलासा, मनाने निर्मळ माणूस आहे. त्याच्याकडे विशेष मुलांना शिकवण्याचे प्रमाणपत्र आहे आणि तो पेटीसारखे विजेचे वाद्य वाजवतो. गेंदेरला त्याने आयुष्यात हात लावलेला नाही. हे त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकले आणि सुलासिहला म्हणाला, "तूच मला शिकव, बाई." ती त्याला तिची बाजू शिकवते. आता दोघांनाही एकच बाजू येते. अर्जदाराने गुरुवारी येऊ का विचारले, तर प्रमाणपत्र नाही म्हणून नकार आला. शिवाय नियम असा की विद्यार्थ्याला स्पर्श करायचा नाही. नियम चांगला आहे, पोरीबाळींसाठी असायलाच हवा. पण मग मनगट धरून शिकवायचे कसे, याचे उत्तर म्हणून कार्यालयाने ठिपक्यांच्या लिपीतले संगीताचे पुस्तक पाठवले. त्यातले सूर कुठल्या तरी दुसऱ्या मुलखातले आहेत, ते असो. गेंदेरला दोन्ही हातांत हातोड्या लागतात. सुलासिहने पुस्तकावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाली, "हे बोटांनी वाचायचं, तर वाजवायचं काय नाकानं?" पुस्तक वाद्याशेजारी ठेवले आहे. तपासणीला येणारे ते पाहून मान डोलावतात.

भीक नको पण कुत्रा आवर, असे म्हणण्याची वेळ आली आहे, साहेब. पण कुत्र्याने कुणाला चावलेले नाही. तो शेपूट हलवत अंगावर येतो आहे, त्याला काठी तरी कशी दाखवावी.

९. वाटेत अर्जदाराने जे उपाय केले ते नोंदीसाठी देत आहे, म्हणजे पुन्हा तेच सुचवले जाऊ नयेत.

प्रथम असे ठरले की मुलीला मंगळवारी आणता येत नसेल तर मुलाला गुरुवारी न्यावे. त्यासाठी पुगेरला अपंगत्वाचा दाखला हवा. पोराने मनावर घेतले. डोळे मिटून घरभर चालला आणि धान्याच्या कोठाराच्या खांबावर कपाळ फोडून घेतले. सुलासिह म्हणाली, "आंधळं व्हायला अक्कल लागते, पुगेर. तू आधी डोळस तरी नीट हो." दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या कपाळाला पट्टी बांधली आणि दाखला नाकारला.

मग अर्जदाराने त्यांनाच विचारले की निदान मुलीला मंगळवारपुरती डोळस लिहून द्या. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आजोबा, नजर देणं माझ्या हातात नाही. नुसती मंगळवारपुरती तर देवाच्याही नाही."

शेवटी अर्जदाराच्या स्वतःच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, त्याचा दाखला त्यांनी दिला. अर्जदाराला वाटले, सुटलो. दाखला जोडून गुरुवारच्या वर्गात विद्यार्थी म्हणून नाव घालण्याचा अर्ज केला, म्हणजे पोरीच्या समोर बसून सरळ बाजू तरी देता येईल. योजना तरुणांसाठी आहे म्हणून तो नामंजूर झाला. मात्र दाखला आपल्या दप्तरी राहिला, आणि आता विचारणा आली आहे की दृष्टिदोष असलेल्या इसमाने मंगळवारी सर्वसाधारण मुलांना शिकवावे काय. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. नामंजूर करण्याची सोय आपल्या कार्यालयात आहे, हे मात्र त्यावरून सिद्ध होते, आणि विषयात लिहिलेली विनंती अर्जदाराने त्याच आधारावर केली आहे.

१०. घरी का शिकवत नाही, असे साहेब विचारतील. बांबूच्या पट्ट्या करून पाहिल्या. त्यांवर ताल बसतो, सूर नाही. शेजारच्या गावचे गेंदेर मागून पाहिले. त्यांनी आनंदाने दिले, पण प्रत्येक गावच्या वाद्याचा सूर त्याच्यापुरता असतो आणि पट्ट्यांची रुंदीही. सुलासिहचा हात आमच्या वाद्यावर डोळे असल्यासारखा जातो. त्या परक्या वाद्यावर तो चाचपडायला लागला. तिने हातोड्या खाली ठेवल्या आणि म्हणाली, "इथं मला दिसत नाही." घरात तिच्या तोंडून हे वाक्य आम्ही कुणी कधी ऐकले नव्हते. तिची आई उठून चुलीपाशी गेली.

११. मधे थोडे दिवस बरे गेले, तेही सांगितले पाहिजे. दर गुरुवारी अर्जदार खोली दोनच्या खिडकीखाली दगडावर जाऊन बसायचा. आत ती भरणीची बाजू वाजवायची, बाहेर अर्जदार सरळ बाजू मांडीवर तळव्याने वाजवायचा. मांडीला सूर नसतो, पण फटी असतात, आणि तिला त्या ऐकू यायच्या. शिक्षक आतून खिडकी आणखी उघडून द्यायचे. रस्त्याने जाणारी माणसे थांबायची. भाजलेली कणसे विकणारी एक बाई दर गुरुवारी त्याच वेळी गाडी तिथे लावायला लागली.

मग कार्यालयाने गार हवेचे यंत्र बसवले. विशेष मुलीला उकडू नये म्हणून, आणि न्याय म्हणून खोली एकमध्येही. गार हवा बाहेर जाऊ नये यासाठी दोन्ही खिडक्यांना जाड काचा लावून फटींत पुट्टी भरली. पुढच्या गुरुवारी अर्जदार दगडावर बसला, तर आतून काही ऐकू आले नाही. सुलासिह काचेपाशी आली. कपाळ काचेला टेकवून ती काही विचारत होती. तोंड हलत होते. नंतर घरी तिने सांगितले, ती विचारत होती, "धाकटे आजोबा, बाहेर आहात ना?" अर्जदार ओरडून हो म्हणत होता. ते तिला ऐकू गेले नाही. मग ती आपल्या जागेवर जाऊन बसली.

साहेब, अर्जदाराने बाप पुरला, बायको पुरली, भाऊ पुरला. पण त्या काचेसमोर जसे झाले तसे कधी झाले नव्हते.

१२. आता मुद्दा. राजेग इमारतीचे काम चालू असतानाच गेला. दोन पावसाळे तो स्मशानाच्या मातीत आहे, गावच्या सामूहिक दहनाची वाट बघत. आपल्याकडे गरिबांना सगळ्यांबरोबर जावे लागते. पुरोहितांनी २८ ऑगस्ट, बुधवार, ही तिथी काढली आहे. त्या दिवशी त्याला मातीतून काढून खांद्यावर न्यायच्या बांबूच्या उंच मनोऱ्यावर चढवतील, गेंदेर वाजवणारेही त्यावरच दोन बाजूंना बसतात, आणि नदीकाठी नेऊन अग्नी देतील.

मरण्याच्या आदल्या आठवड्यात राजेगने अर्जदाराला बोलावले. नारळाच्या झाडावरून तेव्हाही बोलणे बंदच होते. त्याने तो अबोला मोडला नाही, आपल्या सुनेकडे बघून बोलला. म्हणाला, "याला सांग, माझ्या मनोऱ्यावर परक्यांना बसवू नको म्हणावं. एका बाजूला माझी नात, दुसऱ्या बाजूला याचा नातू. 'बदकं' वाजवत न्या. दोन्हीकडून आलं म्हणजे मला वाट सुधरेल." अर्जदारानेही सुनेकडे बघूनच हो म्हटले. दिलेला शब्द हा एवढाच आहे. दोघा भावांत त्यानंतर काही बोलणे झाले नाही.

वाद्ये त्या दिवसापुरती मिळावीत म्हणून अर्ज केला, तर बोल्ट काढण्याची तरतूद नाही असे कळले. मुलांना इमारतीत एकत्र सराव करू द्या म्हटले, तर वेळापत्रकाकडे बोट दाखवले. मग मुलीचे नाव योजनेतून काढा म्हटले. त्यावर पाक सुगाता म्हणाले, "असं कसं काढू? तुमच्या अर्जावर तर हे सगळं उभं राहिलंय. ती एकटीच लाभार्थी आहे. ती गेली की खोली दोन कुणासाठी?" कार्यालयातल्या कुणाचीही यात चूक नाही. प्रत्येकाने आपापले काम चोख केले आहे, आणि पोरगी उंबऱ्यावर बसायची तेव्हा तिला निदान इतरांचे ऐकू तरी येत होते.

१३. सबब विनंती पुढीलप्रमाणे.

(अ) अर्जदाराचा मंजूर अर्ज मागील तारखेपासून नामंजूर करावा. इमारत आपण ठेवावी. उतारही ठेवावा, भात चांगले वाळते. आम्हाला मधली भिंत तेवढी नको आहे.

(आ) ते होत नसल्यास बारा वर्षांपर्यंतच्या सगळ्या गावाला विशेष ठरवावे. आईबापांची ना नाही, अंगठे तयार आहेत.

(इ) तेही होत नसल्यास, आणि होणार नाही हे अर्जदार जाणून आहे, एक शेवटचे मागणे आहे. ते कुठल्याही नियमाला धक्का न लावता होण्यासारखे आहे, असे अर्जदाराच्या अडाणी बुद्धीला वाटते.

दहनाची मिरवणूक आपल्या इमारतीसमोरच्या चौकातून जाते. चौक आला की खांदेकरी मनोरा तीनदा गरगरा फिरवतात, जाणाऱ्याला परतीची वाट सापडू नये म्हणून. बुधवारी इमारत बंद असते. तरी त्या बुधवारी, मिरवणूक चौक ओलांडेपर्यंतच, खोली क्रमांक एकमध्ये मंगळवार आणि खोली क्रमांक दोनमध्ये गुरुवार आहे असे मानण्यात यावे. पुगेर त्याच्या खोलीत त्याच्या वाद्यावर बसेल, सुलासिह तिच्या. कुणी कुणाच्या खोलीत पाऊल टाकणार नाही. कुणी कुणाला शिवणार नाही. बोल्ट जागचे हलणार नाहीत. दारावरच्या फलकाचा मान राहील. गुरुवारचे शिक्षक बुधवारी यायला तयार आहेत, त्यांनी स्वतः विचारले. फक्त दोन्ही खिडक्यांच्या काचा तेवढ्या वेळापुरत्या काढून ठेवाव्यात. गार हवा जाईल, तेवढे नुकसान सोसावे.

एकमेकांचे ऐकू आले नाही तर सुरुवात कशी करणार, हेही योजले आहे. मनोरा फिरवताना खांदेकरी आरोळी देतात. तिसऱ्या आरोळीला दोघांनी हात टाकायचा. पोरांनी सराव केला आहे. एक परसात, एक विहिरीपाशी, मधे अर्जदार आरोळी द्यायला. बांबूवर का होईना, बसते.

मनोरा त्या वेळी दोन खिडक्यांच्या बरोबर मधे असेल. भाऊ म्हणाला होता त्याहून हे फार वेगळे होणार नाही.

उत्तर आले नाही तरीही त्या दिवशी दोन्ही मुले इमारतीच्या उतारावर येऊन उभी राहतील, आत सोडले तर आत जातील. अर्जदार मनोऱ्याखाली असेल. तिथून त्याला दोन्ही खिडक्या दिसतात, उजव्या डोळ्याने.

ज्याचे म्हणणे मान्य होऊन बसले आहे असा,
आपल्या दाराशी उभा,

ई नेंगा तुनास
बांजार तिबुगदांग
दिनांक : १९ ऑगस्ट

सोबत :

१) पूर्वीच्या अर्जाची नक्कल. 'सोबत' या शब्दाखाली रेघ अर्जदाराने आता मारली आहे, मूळ अर्जात नव्हती.

२) मंजुरीपत्र, सोनेरी शिक्क्याचे. घरात चौकट करून लावले होते, ते काढून जोडले आहे. परत नको.

३) मुलगा पूर्ण डोळस असल्याबद्दल डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी.

४) नि कोमांग सुलासिह हिचा निरोप, तिने सांगितला तसा : "साहेब, काच नाही निघाली तरी मी माझं वाजवीन. पुगेर त्याचं वाजवील. पण मधे मनोऱ्यावर आमचे थोरले आजोबा असतील. त्यांना काहीच ऐकू गेलं नाही, तर आम्ही दोघं आत बसलोय हे त्यांना कुणी सांगायचं, तेवढं कळवा."